डिंपलची गाडी

बुलढाण्याच्या बस स्टँडवर वत्सलाबाई मोताळ्याच्या गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एका म्हाताऱ्या नवराबायकोची जुंपली होती, आणि कान मिटून घ्यायची सोय नव्हती.

"मोठीच गाडी घिऊ. मांगं चार पोते बसतात."

"आपली डिंपल धामणगावच्या दवाखान्यात नर्स लागली. ती पोते कायले नेईन?"

"अवं, आपल्या कामी येईन ना!"

"आपल्याले नाही, तिले घ्याची हाय. सोमवारी हजर व्हाचं हाय तिले. तीन शोरूम झाले, तुमाले एक गाडी पसंत पडत नाही."

"त्या लाल गाडीत माहे गुडघे अडतात."

"तुमचे गुडघे तिथं कायले पाह्यजेत?"

"मधात राजूरचा घाट हाय. रोज मीच नेईन अन् मीच आणीन."

"चौतीस वर्साची पोरगी हाय ते! अन् जुनी गाडी घाटात कठड्यावर कोणी घातली?"

"समोर बकऱ्या आल्या होत्या."

"डिंपल म्हणते, एकबी बकरी नव्हती... थांबा, तिचाच फोन हाय. बोल माय."

फोन स्पीकरवर होता. "आई, लाल गाडी पक्की केली म्या."

"दे इकडं. डिंपल, घाटात दुसऱ्या गिअरमध्येच उतरजो."

"बाबा, या गाडीत गिअर टाकाच लागत नाही. आपोआप पडतात."

"मंग मले कशी चालवता येईन?"



"तुम्ही बाजूले बसजा, बाबा."