मधली जागा

नकाशांचं म्हणता, तर आमच्या वडिलांचं, अप्पांचं ऐका. सोलापुरात आमचं घर आणि शेजारच्या नरसय्या विणकराचं घर, यांच्यामध्ये मोकळी जागा होती. नरसय्याची माणसं तिथं रंगवलेलं सूत वाळवायची, आणि संध्याकाळी आमचे अप्पा आणि नरसय्या तिथंच गप्पा मारत बसायचे. इंग्रज सरकारनं शहराची मोजणी काढली, तेव्हा साखळी घेऊन आलेल्या मोजणीदारानं विचारलं, "ही जागा कुणाची?"

"नरसय्याचीच की," अप्पा म्हणाले.

"छे, छे! अप्पांची हाय," नरसय्या लगबगीनं म्हणाला. "आमी नुसतं सूत वाळवतो."

मोजणीदार हसला आणि त्यानं नकाशात ती जागा सरकारी दाखवली. आम्हीही हसलो. पुढं तिचा लिलाव झाला आणि तिथं एका व्यापाऱ्याचं गोदाम उठलं. दोघं कचेरीत गेले, पण नकाशा आता बदलत नाही, असं तिथले कारकून म्हणाले. सूत वाळवायला जागा उरली नाही, म्हणून नरसय्यानं घर विकलं.

बैलगाडीत सामान भरताना अप्पा त्याला म्हणाले, "'जागा माझी आहे' असं तू का नाही म्हणालास रे?"

"तुमाला काय वाटलं असतं?" नरसय्या म्हणाला. "पर तुमी तरी का न्हाई म्हणालात?"

अप्पा गाडीमागून वेशीपर्यंत चालत गेले.