बगळ्याची सोय

व्हिडिओ गेम घ्यायचाच असेल ना, तर सोपा घ्या, हिरामात्सु-सान, माझं ऐका — लोक काय म्हणतात तिकडे लक्षच देऊ नका. बसा ना, अशा इकडे बसा, हीटरपाशी, बाहेर बर्फातून आलात. सासूबाईंना व्यायामाच्या खोलीत नेलंय, चालायला शिकवतात रोज दुपारी, येतीलच इतक्यात. आणि संत्री कशाला एवढी आणलीत — त्या एक फोड खातात आणि बाकीची नर्सना वाटून टाकतात. हां, तर गेम. दुकानात गेलात की तो दुकानदार आधी अवघडच काढून दाखवणार, म्हणणार हा घ्या, हा खरा गेम, सोपे काय लहान मुलांचे — माझ्याशी तसंच बोलला होता. अहो, पण सोपा म्हणजे काय कमअस्सल असतो का? उड्या मारायचे गेम मी पुष्कळ बघितलेत. चांगल्या गेममध्ये खड्डा आधी दिसतो. दिसत असून पडलात तर तुमची चूक, हसून परत उडी मारायची — पण ढगाआड लपवलेला खड्डा, वरून आणखी कुणीतरी डोक्यात नारळ टाकणार, आणि पडल्यावर 'हरलात' म्हणून एवढं मोठं अक्षर — हा नुसता खोडसाळपणा झाला. आपल्या वयाला कुणी कशाला हरलात म्हणायला पाहिजे, सांगा बरं.

हो, सासूबाईंचा तोच, मुळ्याचा. टोपी घातलेला पांढरा मुळा, मळ्यातून पळून निघालेला, टुणटुण उड्या मारत समुद्राकडे जातो. तोच घ्या तुम्हीही. तुमच्या गेटबॉलच्या मैदानावर बर्फ पडला, खेळ बंद झाला, तेव्हा सासूबाई दिवसभर खिडकीशी बसून असायच्या — तुम्हाला तर ठाऊकच आहे, त्यांना हरायला आवडत नाही पण घरी बसायला त्याहून आवडत नाही. म्हणून यांनी, आमच्या योशिनोरींनी, नववर्षाला तो आणून दिला. सुरुवातीला म्हणाल्या, ही माझी थट्टा चाललीय का? आणि मग जे धरलं! मुळा उजवीकडे उडाला की ह्या उजवीकडे कलणार, मांडीवरचं पांघरूण खाली, चष्मा नाकावर. आणि पडला की हाक — 'पडले गं, कानाए, पडले!' मुळा पडला असं कधी म्हणाल्या नाहीत, पडले. मी सकाळी कामाबोकोच्या कारखान्यात उभ्याने मासळीच्या वड्या पॅक करून दुपारी घरी यायची, जरा कुठे पाय पसरावेत तोच — पडले गं. मग जायचं, कुठे पडलात ते बघायचं, त्यांना दाखवायचंच असायचं, या इथून अशी उडी मारली आणि तरी पडले. परत स्वयंपाकघरात यावं, चहा ओतावा, की परत. कधी कधी तर मी दाराशी पोचेपर्यंत दुसऱ्यांदा पडलेल्या असायच्या.

तर त्या गेममध्ये एक सोय आहे. तुम्ही घेतलात तर मी करून देईन, आत सेटिंगमध्ये आहे. ती चालू केली की एक बगळा येतो — मुळा खड्ड्यात जायला लागला, की बगळा त्याला चोचीत धरून अलगद वर काठावर आणून ठेवतो. कितीही चुका, पडायचं म्हणून नाहीच. ती मी चालू केली. त्या अंघोळीला गेल्या होत्या तेव्हा. सांगितलं नाही. त्यांना वाटलं, मुळा पुढच्या गावात गेला म्हणून आता बगळा भेटला, गोष्टच तशी आहे. आणि काय सांगू, घर कसं शांत झालं. आतून नुसती खुदखुद ऐकू यायची. समुद्रापर्यंत पोचल्या हो! तुम्हाला सांगितलं असणारच — सगळ्या गेटबॉलवाल्यांना फोन करून सांगितलं, या वयात पूर्ण केला म्हणून. नाही नाही, हसू नका, आणि त्यांना कळू देऊ नका, मला वचन द्या. आधीच मला त्याचं… म्हणजे, आनंद तर खरा होता ना त्यांचा? डॉक्टरही म्हणाले होते, बोटं चालली पाहिजेत, बोटं तर चाललीच. त्यांच्यासाठीच केलं मी. म्हणजे — त्यांच्यासाठी पण केलं.

नाही, मी कसली खेळते. मी… बरं, खेळते. तुम्हाला म्हणून सांगते, यांनासुद्धा माहीत नाही. चौपन्न वर्षांची बाई, लोकांना काय सांगायचं? माझा मुळ्याचा नाही, मला उड्या जमत नाहीत, माझा वेगळाच आहे, जरा विक्षिप्तच म्हणा — घडी घालता येणाऱ्या जुन्या गेमच्या डबीतला, आता दुकानात मिळायचा नाही. एक पाणमांजर आहे, बोटीच्या धक्क्यावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत काम करतं. बस, एवढंच. लोक येतात, माझी छत्री राहिली, माझा एक हातमोजा राहिला. एक बाई आली, म्हणाली माझी शिट्टी हरवली — वस्तू नाही हो, तोंडाने वाजवायची शिट्टी, ती वाजेनाशी झाली, ती शोधून द्या. तुम्ही गावभर फिरायचं, ज्याला त्याला विचारायचं, आणि लोक काहीबाही सांगत बसतात, त्याचा शोधाशी संबंधच नाही. मासेवाला आपल्या मेव्हण्याबद्दल सांगतो. मला तेच आवडतं. सकाळभर कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून कुणी कुणाशी बोलत नाही हो, यंत्राचा आवाजच एवढा. मग दुपारी स्वयंपाकघरात हीटरला पाठ लावून जमिनीवर बसायचं, आवाज अगदी बंद करून, नुसतं वाचायचं. जिंकायचं काही नाही, घाई नाही, कुणी रागावत नाही. नोरीच्या शेवाळाच्या रिकाम्या डब्यात ठेवते मी तो, कुणी आलं की झाकण लावलं, झालं. अशा गेमना लोक वेळ घालवणं म्हणतात. घालवतेच मी. माझा होता तेवढाच वेळ, तो मी घालवायची.

काय म्हणालात? हो — हो, नशीबच म्हणायचं, मी घरी होते ते. असं सांगितलं त्यांनी तुम्हाला? की कानाए लगेच धावत आली? सगळ्यांना तसंच सांगतात. अँब्युलन्सवाल्यांनाही तेच, यांनाही तेच, इथल्या डॉक्टरांनाही. खुब्याचं हाड, या वयात… लवकर आणलं म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले. लवकर. संत्रं सोलू का तुम्हाला? न्हाणीघराच्या पायरीशी घसरल्या, हो, तिथेच, फरशी अशी गार होती. नाही, माडीवर नव्हते मी. स्वयंपाकघरात. मध्ये फक्त बोळ आहे हो, आमचं घर तुम्ही बघितलंय, या टोकाला खोकलं तर त्या टोकाला ऐकू येतं. ऐकू आलं. आलंच. पण त्या काय म्हणाल्या, तर 'पडले गं, कानाए.' आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल? सबंध महिना तेच ऐकत आलेली मी. मला वाटलं गेम. मुळा पडला. कुणालाही तसंच वाटलं असतं, नाही का? तुम्हालाही वाटलं असतं.

वाटलं असतं ना?

…असं काय बघताय? हो. मी आत्ताच सांगितलं, मला आठवतंय मी काय सांगितलं ते. बगळा होता. बगळा असताना कुणी पडत नाही. त्या दिवशी तर मुळ्याचा गेम त्यांच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता, मीच लावला होता, सकाळी कामावर जाताना. कितीतरी दिवसांत घरात 'पडले' असा शब्द नव्हता. तो आला, आणि माझं बोट बटणावर थांबलं — थांबलं हो, म्हणजे मला कळलं होतं, हिरामात्सु-सान. इथे, छातीत कळलं. तर खिडकीशी तो म्हातारा आलेला होता. पाणमांजराच्या गेममधला, रोज येतो, रोज रांगेत उभा राहतो आणि नंबर आला की 'उद्या सांगतो' म्हणून निघून जातो, आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला, आता काय हरवलंय ते सांगणार. मी म्हटलं, एवढं होऊ दे. एवढं एक वाक्य. परत हाक आली. मी बसल्या जागेवरून ओरडले — काय ओरडले असेन मी? 'बटण दाबा, आई, वर याल.' असं म्हटलं मी. बगळा आहे हे माहीत असून म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं गोड आवाजात निघालं, की मलाच ते खरं वाटलं.

मग तिसऱ्यांदा नुसतं 'कानाए.' आणि मग काही नाही. तुम्हाला सांगते, ती शांतता झाली ना, तर मला आधी बरं वाटलं. हे कुणाला सांगायचं? यांना सांगू? चहा पार गार झाला तेव्हा मी उठले. त्या पायरीशी कुशीवर पडलेल्या, एक हात भिंतीला, चेहरा असा कागदासारखा, आणि पायातली एक चप्पल बोळात लांब जाऊन पडलेली. रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'झाला का तुझा गेम?'

तुझा. त्यांना माहीत होतं. नोरीच्या डब्याचंही माहीत असेल, कधीपासून कोण जाणे. टोमणा नव्हता हो — टोमणा असता तर मी ओळखला असता, अठ्ठावीस वर्षं त्यांच्या घरात आहे मी, त्यांचे सगळे टोमणे मला पाठ आहेत. विचारलं फक्त. जसं चहा झाला का विचारतात. आणि मी, माझ्या तोंडाला आग लागो, मी म्हटलं, 'हो, झाला.' तो काही झाला नव्हता. तो म्हातारा काय सांगणार होता ते मला अजून माहीत नाही, त्यानंतर मी डबा उघडलेला नाही. मग फोन, मग माणसं आली, स्ट्रेचर, त्यातल्या एकाने विचारलं किती वेळ झाला आजी, पडून किती वेळ झाला, आणि मी तोंड उघडायच्या आत ह्या म्हणाल्या, 'आत्ताच. सून घरातच होती, लगेच धावत आली.' माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी मान हलवली.

कशाला म्हणाल्या, ते मला अजून कळत नाही. मला वाचवलं म्हणावं, तर मग… थांबा, सांगते. त्या दिवसापासून त्यांनी मला हाक मारलेली नाही. म्हणजे बोलतात, चांगलं बोलतात, आलीस का, थंडी फार आहे का, कारखान्यातून दमून आलीस, तू जा घरी. पण हाक नाही. परवा पाणी हवं होतं, मी इथे शेजारी, हात लांबवला तर लागेल एवढ्यावर, आणि त्यांनी घंटा दाबली. नर्स आली बोळाच्या त्या टोकावरून. नर्स म्हणाली, अहो सूनबाई बसल्यात की, तर म्हणाल्या, तिला कशाला त्रास. रागाने नाही. खरंच त्रास नको म्हणून. शाल खाली पडली तरी तशाच बसून राहतात, मी उचलेपर्यंत. मुळ्याचा गेम मी घेऊन आले होते, बगळा बंद करून आणला होता, म्हटलं आता पडू देत, हाक मारू देत हवी तेवढी, मी बसते इथे. त्यांनी हातात घेतला, बघितला, आणि उशीपाशी ठेवून दिला. म्हणाल्या, नको, उगाच तुला दर वेळी उठावं लागतं.

संत्रं घ्या ना. मी उगीच — तुम्ही गेमचं विचारायला आलात आणि मी हे काय लावलं. कुणाला बोलू नका. म्हणजे, बोललात तरी… नाही, नका बोलू. यांना वाटतं मी चांगली केलीय सेवा. शेजारीपाजारी सगळे म्हणतात. काल कारखान्यात साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं माझं, सासूसाठी धावली म्हणून.

ते बघा, आणतायत. चाकाच्या खुर्चीवर, त्या निळ्या शालीत. केस विंचरून आलेल्या दिसतात, कुणी येणार असलं की त्यांना आधी कळतं. तुम्हाला बघितलं त्यांनी. हात वर केला. ऐकलंत? लांबूनच हाक मारतायत — तुम्हालाच, हिरामात्सु-सान, तुमचंच नाव. जा ना. मी इथे संत्र्याची सालं गोळा करते. जा तुम्ही.