सिराजोद्दीन मिस्त्रींनी परत केलेला नकाशा

सन्माननीय अध्यक्ष काकासाहेब, व्यासपीठावरील थोर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सिराजोद्दीन मिस्त्री, आणि या जिनिंग कारखान्यातल्या माझ्या माताभगिनींनो व बंधूंनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. बोलण्याचा सराव नाही, नकाशे काढण्याचा आहे. तेव्हा एका नकाशाचीच गोष्ट सांगतो.

दहा वर्षांपूर्वी मी हैदराबादला इंजिनियरिंग शिकत होतो. सुट्टी लागली की घरी ट्रंक टाकायची आणि इथल्या वर्कशॉपात येऊन बसायचं. त्या हंगामात सरकी काढायच्या एका यंत्राची लोखंडी बैठक तडकली. मिस्त्री लेकीच्या, मैमूनाआपांच्या लग्नासाठी रजेवर. मी म्हटलं, मी आहे ना! नकाशा असा देखणा काढला, की माझा मीच खूश. धर्मराज सुतारांनी त्याबरहुकूम लाकडी साचा केला, वाळूत दाबला, लोखंड ओतलं. निवाल्यावर बैठक ठेवून पाहतो तर काय? एकही बोल्ट भोकात उतरेना.

मिस्त्री परतले, तेव्हा मी कानस घेऊन बसलो होतो.

"बेटा, कानशीनं लोखंड झिजतं, वाढत न्हाई," ते म्हणाले. "निवताना लोखंड आटतं. साचा जरा मोठा धरावा लागतो. कालेजात सांगितलं न्हाई?"

सांगितलं होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं.

"मंग चूक कागदावर हाय. कागदावरच बराबर करून आण." नकाशा त्यांनी माझ्या हातात परत दिला.

यंत्र दोन दिवस बंद. दारात कापसाच्या गाड्यांची रांग. काकासाहेब संतापून आले, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, "नजर माझी पाहिजे होती. मी नव्हतो. कसूर माझा." मी शेजारी उभा होतो, आणि गप्प राहिलो.

अध्यक्षमहाराज, ती चूक माझी होती. दहा वर्षं उशिरा सांगतो आहे.

शिक्षण संपवून इथंच येईन, असं मी मिस्त्रींना म्हणालो होतो. आलो नाही. हैदराबादला मोठी नोकरी लागली, मोठं टेबल मिळालं. आता मिस्त्रींची नजर अधू झाली, ते लेकीकडे नांदेडला निघाले. आणि मला या वर्कशॉपची आठवण येते, फार येते. का, म्हणाल? तिकडे हैदराबादला माझ्या नकाशांवर सगळे मुकाट सही करतात. एकही नकाशा परत येत नाही.

मला बोलू दिलंत, याबद्दल चालक मंडळींचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. मिस्त्री, तुम्ही मात्र घालू नका. मैमूनाआपांच्या हातून दोन ओळी लिहवून कळवा, कुठं चुकलो ते.