देवीच्या नावाखाली रेघ

बेळगावच्या छापखान्यात इंदुताई लग्नपत्रिकांसाठी थांबल्या होत्या. पुढं शहापूरच्या विणकराघरच्या जयवंताबाई सासूच्या ओव्यांचा कच्चा छाप घेऊन छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बसवंताशी बोलत होत्या.

"अण्णा, पुस्तकाचं नाव कुठाय?"

"ही काय, पहिली ओळ."

"ती तर ओव्यांतच मिसळलीया. सासूबाईंना बारीक दिसत न्हाय. निदान नाव तरी त्यांनी वाचावं, म्हणून छापतोय."

"मग आक्का, छापायला दिलेल्या वहीत नावाखाली रेघ ओढायची हुती. रेघ बघून आम्ही जाड ठसा लावतो."

"मागाच्या ताण्यावर रेघ मारली, की आम्ही तिथं लुगडं कापतो. पुस्तकाच्या नावात यल्लम्मा देवी हाय, तिच्या नावाखाली कापायची खूण कशी करू?"

"बरं, मग दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं द्या. ही अशी, बारकी."

"समईच्या वातींगत दिसत्यात. ह्यांनी जाड ठसा येतोय?"

"रिवाज न्हाय तसा. पण आता मला कळलंय न्हवं? लावतो."

जयवंताबाईंनी पेन्सिलीनं चिन्हं हळूच काढली.

"आक्का, सासूबाईंचं नावबी जाड पायजे, तर त्याखाली रेघ ओढा."

"नको अण्णा. त्या हायेत अजून."