आवडाबाईची गोळी

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या पद्मजाबाई दवाखान्याच्या बाकावर मासिक चाळत होत्या. शेजारच्या दोन जावांचं बोलणं कानावर पडलं आणि पान उलटायचं राहूनच गेलं.

"आवडा, त्या गोळीत असतंय तरी काय?"

"आयोडीन. त्याच्या गाभ्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतोय अन् एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातोय. त्योच गळ्यातली गाठ जाळतोय, असं डॉक्टर म्हणले."

"अन् आयोडीनचं काय?"

"त्याचं झेनॉन होतंय. वजन तेवढंच, नाव दुसरं."

"मी माहेरची गंगू सासरी सरू झाले, तसंच की. परत आयोडीन होतंय का?"

"नाय. अन् झेनॉन लई आखडू, कुणात मिसळत नाय."

"अन् तू?"

"मी बी नाय मिसळायची. गोळी घेतल्यावर चार दिस वेगळी खोली, आयतं ताट."

"घरी तर पंधरा सांगितलेस."

"हळू बोल, सरू."

"मंग पंधरा दिस भाकरी कोण थापणार?"

"तू हायेस की."

दारातून नर्सनं विचारलं, "आवडाबाई कोण?"

पदर सावरत सरूबाई उठली.

"मीच."