बारा विजारी, एक पोट

एक होता शिंपी, एक होती त्याची कॉम्प्युटर शिकणारी लेक, एक होती शिंप्याची म्हातारी आई, म्हणजे मी... आणि होत्या बारा विजारी, सगळ्या अठ्ठेचाळीस कमरेच्या! आता तुम्हीच सांगा, बारा पहारेकरी एका पोटाचे असतात का हो?

तुम्हाला सांगते, चाळीस वर्षं मी दुकानातल्या स्टुलावर, आणि मापं माझ्या डोक्यात. लिहिता येत नाही, पण कुणाची कंबर विसरले नाही. ज्याचं माप त्याच्यापाशी, एवढं साधं! पण नात म्हणाली, "आजी, तू दमलीस, आता प्रोग्रॅम लक्षात ठेवेल." म्हटलं, ठेवू दे बाई. कारखान्याच्या पहारेकऱ्यांचं पहिलंच काम, पसंत पडलं तर वर्षभराचे गणवेश आपले. मी घेतलेली बाराही मापं तिनं भरली, मग प्रोग्रॅममधून मापांच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि माझा मुलगा बाराच्या बारा कापून, शिवून मोकळा! अरे, मला एकदा विचारायचंस... "आई, यंत्र कधी चुकतं का?" हा शहाणा!

देण्याच्या आदल्या सकाळी एक पहारेकरी घालून बघायला आला. काडी नुसती! विजार चढवली, हात सोडला, थेट घोट्याशी! "आजी, यात मी एकट्यानंच जायचं का?"

नात रडकुंडीला, प्रोग्रॅम उघडून मला समजावू लागली. "आजी, क्लास म्हणजे आपला कागदी नमुना. त्यावरून घडतं ते एकेक गिऱ्हाईक, म्हणजे ऑब्जेक्ट."

"बरं. मग कंबर कुठं लिहिलीस?"

"...नमुन्यावर."

अगं भवाने! नमुना सगळ्यांचा एकच! नवं माप लिहिलं की जुनं पुसलं, शेवटी आला तो पहारेकऱ्यांचा ढेरपोट्या मुकादम, त्याचेच अठ्ठेचाळीस सगळ्यांच्या कपाळी! ज्याचं माप त्याच्यापाशी गं!

"'गिऱ्हाईक डॉट कंबर' लिहिलं मी, आणि 'गिऱ्हाईक' हे तर नमुन्याचंच नाव; 'सेल्फ डॉट कंबर' हवं होतं! सेल्फ म्हणजे तो स्वतः, आत्ता समोर उभा आहे तो."

मग चाळीस वर्षं मी दुसरं काय बोलतेय?

मुलगा मटकन खाली बसला. "संपलं आई. काम गेलं." म्हटलं, ऊठ! मोठं कापड आत घेता येतं, आखूड वाढवता येत नाही. तो काडीवाला शेवटी आला असता तर बसलो असतो बोंबलत! देव त्या मुकादमाचं पोट सुखी ठेवो! मग मी मापं म्हणत गेले, अठ्ठावीस, बत्तीस, चौतीस... नात मापाची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या विजारीला चिकटवत गेली, मुलगा उसवत, टाचत गेला.

बाराही बसल्या! वर्षभराचं काम मिळालं, प्रोग्रॅमही आता चोख चालतो... फक्त चिठ्ठी निघाली की दोघंही कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघतात, "बरोबर आहे ना?" घराला बरकत आली हो, आणि दमलेली म्हातारी पुन्हा त्याच स्टुलावर!