मधलं कपाट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्क गृहस्थ होते. दुकानदार त्यांना म्हणाला,

"काका, तुमच्या लॅपटॉपवर इथे तासाभरात नेट एकदाही तुटलं नाही. घरी राऊटर कुठे आहे?"

"दादाच्या, थोरल्या भावाच्या खोलीत. माझी शेजारचीच."

"मध्ये काय आहे?"

"भिंत. आणि भिंतीला लोखंडी कपाट."

"तेच आडवं येतंय. कधी ठेवलंत?"

"आमचा अबोला झाला तेव्हा. त्याचा खोकला ऐकू यायचा."

"मग सरकवा की आता."

"एकट्याने हलणार नाही ते. तुम्ही याल?"

"का, दादा घरी नसतात?"

"असतो. पण बोलायला सुरुवात कशी करू?"

"नेट तुटतंय म्हणा."